पंचगंगेतल्या जिवंत माशांचं काय?

पाणवठा (धागाकर्ता)
रविवारी सकाळी पोराला घेऊन राजाराम बंधाऱ्याकडं गेलो होतो. तिथं एक मासेमार जाळं झटकत बसले होते. मासे फडफडत होते, म्हणून दीड किलो चिलापी घेतली. घरी येऊन साफ करायला बसलो तर त्यातला एक पाठीतून वाकडा. शेपटीच्या जरा अलीकडं मणका असा चढलेला की कुणी चिमटीत धरून मुरगळलाय म्हणावं. त्या जागची खवलंही उलटीसुलटी. पोरगं आठवीत आहे. त्यानं तिथंच निकाल दिला, "पप्पा, म्युटेशन." झालं! बायकोनं तो मासा बाजूला काढला आणि उरलेल्यांकडंही संशयानं बघायला लागली.

रात्री वाचत बसलो तर प्रदूषित पाण्यातल्या माशांच्या डीएनएला इजा होते, असं ठिकठिकाणी लिहिलेलं दिसलं. मासे मेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. पण जे मरत नाहीत त्यांच्या आत काय चाललंय, हे कळतं का? कसं कळतं? आणि वाकडा मासा हा त्याचाच पुरावा का? जाणकारांनी सांगा. बाकीच्यांनीही सांगा, ते ऐकणार नाहीतच.

पेठेतला_गडी
ते सगळं राहू दे. रस्सा कसा झाला?

पाणवठा
झाला नाही. मांजराची चैन झाली.

पेठेतला_गडी
म्हणजे आता मांजरावर धागा काढावा लागणार.

वामवाला
आमचं गाव शिरोळ तालुक्यात. आजा, वडील दोघंही नदीवर मासे धरायचे. मी नोकरीला लागलो, पण जाळं विणायला अजून येतं. तुम्ही ज्याला बातमी म्हणता ते मी डोळ्यानं बघितलंय, म्हणून लिहितो.

मार्च-एप्रिलात बंधाऱ्याला बरगे घातलेले असतात. पाणी तुंबून उभं राहतं, वर केंदाळ. एखाद्या रात्री वरनं काळं पाणी येतं, मळीचा वास दोन शेतं ओलांडून घरात शिरतो. पहाटे नदीला गेलं की मासे पाण्याच्या तोंडाशी आ वासून उभे. वाम तर काठाच्या चिखलात डोकं खुपसून पडलेली असते, हातानं उचलावी. गावातली माणसं पोती घेऊन येतात. आजा कुणाला न्यायला देत नसे. म्हणायचा, "असला मासा आपण धरला नाही, नदीनं टाकलाय."

पण धागाकर्त्यांनी विचारलंय ते वेगळं आहे. न मेलेल्या माशांबद्दल मी एवढंच सांगेन की पूर्वी जाळ्यात दहा जातीचं मासं यायचं, आता फेकलं की चिलापीच. मरळ दिसली तर माणसं फोटो काढतात.

सूक्ष्मदर्शी
मी प्राणिशास्त्र शिकवते, जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी वामवाला यांचं वर्णन. ते गुदमरणं आहे, डीएनएचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. मळी किंवा स्पेंटवॉश (मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरलेलं सांडपाणी) पाण्यात आला की जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन संपवतात. डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशचा बीओडी, म्हणजे घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला 40 ते 50 हजार मिलिग्रॅम भरतो. नदीत अंघोळ करायची तर तो 3 च्या आत हवा, यावरून अंदाज घ्या. मासे जगायला लिटरमागं निदान 4 मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. तो एका रात्रीत खाली गेला की सकाळी पोती भरतात.

डीएनएची इजा असा गाजावाजा करत नाही. मासा पोहतो, खातो, अंडीही घालतो. पण माशाची एक गंमत आपल्या कामी येते. आपल्या तांबड्या पेशींत केंद्रक नसतं, माशाच्या असतं. म्हणजे रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पसरला, मिथेनॉलमध्ये पक्का केला आणि गीम्सा नावाच्या रंगानं रंगवला की हजारो केंद्रकं डोळ्यासमोर. लंबगोल पेशी, मधोमध जांभळं लंबगोल केंद्रक. पेशी विभागताना गुणसूत्राचा तुकडा पडला असेल, किंवा एखादं अख्खं गुणसूत्र मागं राहिलं असेल, तर ते मुख्य केंद्रकात जात नाही. शेजारी वेगळं, छोटं, गोल केंद्रक होऊन बसतं. भाकरीशेजारी सांडग्याएवढं. त्याला सूक्ष्मकेंद्रक म्हणतात. नियम असा की ते मोठ्याच्या एक तृतीयांशाहून लहान हवं, त्याला चिकटलेलं नको आणि रंगही तसाच हवा. नाहीतर रंगाचा कण बघून पोरं टाळ्या वाजवतात. माशामागं हजार-दोन हजार पेशी मोजायच्या. मान मोडते.

उंदरांसाठी ही चाचणी 1970 च्या दशकात बसली, माशांवर 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला आली. आपल्याकडं या कामात मरळीच्या जातीतला ठिपकेवाला लहान मासा फार वापरतात. चिवट असतो, वरची हवा पण घेतो, टाकीत टिकतो.

दुसरी चाचणी कॉमेट. पेशी आगारोजच्या, म्हणजे जेलीसारख्या थरात बसवायच्या, त्यांचं कवच विरघळवायचं आणि अल्कधर्मी द्रावणात वीज सोडायची. डीएनए धड असेल तर गोळा जागेवर राहतो, तुटलेला असेल तर तुकडे धन टोकाकडं ओढले जातात आणि मागं शेपूट दिसतं. खरोखर धूमकेतू. ताजी तूट कॉमेटमध्ये लगेच दिसते. सूक्ष्मकेंद्रक दिसायला मात्र पेशी एकदा विभागावी लागते, म्हणजे काही दिवस जावे लागतात.

वाकड्या माशाबद्दल उद्या लिहिते, पेपर तपासायचे आहेत.

तांबडा_पांढरा
सांडग्याची उपमा वाचून भूक लागली. मॅडम, तुमच्या वर्गात बसलो असतो तर आज टेम्पो चालवत नसतो.

चिटबॉय
आलंच कारखान्यावर! मी साखर कारखान्यात बावीस वर्षं आहे. मळीचं नाव निघालं की सगळ्यांना आम्हीच दिसतो. पूर्वी व्हायचं, नाही म्हणत नाही. आता डिस्टिलऱ्यांनी स्पेंटवॉश आटवून बॉयलरला जाळायची व्यवस्था केलीय, कुठं प्रेसमडबरोबर (रसाच्या गाळाबरोबर) खत करतात. कोल्हापूर शहराचं मैलापाणी जयंती नाल्यातनं कुठं जात होतं इतकी वर्षं? दुधाळी नाल्यातनं? बावड्याचा रोज 76 एमएलडी (दशलक्ष लिटर) मैलापाणी शुद्ध करायचा प्रकल्प झाला म्हणून आता गप्प बसायचं का? वीज गेली, पंप बंद पडला की नाला सरळ नदीत. आम्ही हंगामात पाच महिने, तुम्ही बारा महिने सोडताय.

वामवाला
चिटबॉय साहेब, मी कारखान्याचं नाव घेतलेलं नाही. वास आला एवढंच लिहिलंय.

पेठेतला_गडी
वासाला चिट लागते का हो?

सूक्ष्मदर्शी
चिटबॉय यांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. ऑक्सिजनच्या हिशेबात मळी मोठी, पण डीएनएच्या हिशेबात यादी बदलते. सेंद्रिय घाण माशाला गुदमरवते. गुणसूत्रं तोडणारे गडी वेगळे: सहा संयुजेचं क्रोमियम, कॅडमियम, आर्सेनिक, काही कीटकनाशकं, काही रंग आणि औषधं. मैलापाण्यात औषधं येतात, हे आपण विसरतो. सायक्लोफॉस्फमाइड हे केमोथेरपीचं औषध या चाचण्यांत मुद्दाम वापरतात. त्यानं हमखास सूक्ष्मकेंद्रकं होतात, म्हणून चाचणी नीट चाललीय का हे त्यावर ताडून बघतात. रुग्णाच्या लघवीतनं तेच गटारात जातं.

क्रोमियमचा प्रकार तर चोराच्या पावलांचा आहे. क्रोमेटचा रेणू घडणीनं सल्फेटसारखा दिसतो. पेशीला सल्फेट हवं असतं, ती दार उघडते आणि क्रोमेट आत. आत गेल्यावर त्याचं तीन संयुजेचं क्रोमियम होतं आणि त्या धावपळीत डीएनएला चिकटतं, तोडतं. तीन संयुजेचं बाहेरनं आलं असतं तर आत शिरायलाच अवघड गेलं असतं.

सायझिंगवाला
इचलकरंजी. क्रोमियम आलं म्हणजे आमच्याकडं आणि तुमच्या शिरोलीच्या प्लेटिंगकडं वळणार हे दिसतंयच. म्हणून आधीच बोलतो.

आमचं सायझिंग (सुताला खळ लावायची), प्रोसेस (कापड रंगवायचं) नाही. सायझिंगात खळ असते, तीही पाण्यात घाणच, पण रंग नाही. प्रोसेसवाल्यांचा रंग. ॲझो रंगांतले जे फुटून बेंझिडिनसारखी कर्करोगकारक अमाइन्स देतात त्यांच्यावर आपल्याकडं 1997 मध्येच बंदी आली. जर्मनीनं माल नाकारायला सुरुवात केली तेव्हा आमच्या लोकांना अमाइन हा शब्द कळला. एक्स्पोर्टवाला आता सर्टिफिकेट दाखवतो. लोकल मार्केटला स्वस्त रंगात काय येतं ते डबा उघडणाऱ्यालाच माहीत, आणि तो वाचत नाही.

लहानपणी काळ्या ओढ्याला आम्ही नावच 'आजचा कलर' ठेवलं होतं. शाळेत जाताना पैज लागायची, लाल का निळा. तेव्हा मजा वाटायची. 2012 ला गावात काविळीची साथ आली तेव्हा शेजारच्या घरातली सून गेली. तो आजार मैलापाण्याचा, रंगाचा नाही, मला माहीत आहे. पण त्यानंतर मला पैजेची आठवण काढवत नाही.

कृष्णाकाठची_मावशी
आमच्याकडं एकादशी सोडली तर मासा लागतोच. तुम्ही सगळे लई शिकलेले हाय. मला एकच सांगा, खायचा का न्हाई?

सूक्ष्मदर्शी
मावशी, माशाचा डीएनए तुटलेला असला तरी तो खाल्ल्यानं तुमचा तुटत नाही. पोटात सगळा डीएनए पचतो, मग तो माशाचा असो की मेथीचा. प्रश्न आहे तो डीएनए ज्यानं तोडला ते मांसात किती साठलंय याचा. कॅडमियम जास्त करून काळीज आणि मूत्रपिंडात साठतं, तुकडीत कमी. पारा मात्र मांसातच बसतो आणि दुसरे मासे खाणाऱ्या माशांत वाढत जातो. म्हणून आतडी, काळीज, कल्ले टाकून द्या, डोक्याच्या रश्श्याचा आग्रह सोडा. मोठी, जुनी वाम किंवा मरळ रोज नको. गरोदर बाई आणि लहान पोर घरात असेल तर नाल्याच्या तोंडाजवळचा मासा आणूच नका. आणि मेलेला, तरंगलेला कधीच नाही, कितीही स्वस्त मिळाला तरी.

कृष्णाकाठची_मावशी
डोकं टाकायचं? मग खायचं काय त्यात?

वामवाला
मावशी, वामीचं डोकं असंही कुणी खात नाही. वाम राखेनं चोळायची, बुळबुळीत गेली की बोटाएवढे तुकडे, चिंच जास्त, खोबरं भाजून घालायचं. तिखट कांदालसूण चटणीचं. तेल वर आलं की पातेलं उतरवायचं, ढवळायचं नाही, हलवायचं.

तांबडा_पांढरा
पाककृती विभाग दुसरीकडं आहे हो. पण राहू द्या, डिलीट करू नका.

घातवार
मी शेतकरी, करवीर तालुका. कारखाना झाला, शहर झालं, इचलकरंजी झाली. आमचं कोण सांगणार? मीच सांगतो. उसाला, भाजीला फवारणी झाली की पंप कुठं धुतात? ओढ्यात. मीही धुतलाय. एकदा फवारणीचा डबा विसळून पाणी टाकलं आणि चप्पल धुवायला वाकलो, तर काठाची बारकी पिल्लं गोल गोल फिरायला लागली, भोवऱ्यासारखी. दोन मिनिटांत पांढरी पोटं वर. पिल्लं बोटाच्या नखाएवढी असतील. त्या दिवसापासून पंप बांधावर धुतो, पाणी शेतातच जिरवतो. गावात याबद्दल बोललो तर म्हणाले, तुझ्या एकट्याच्या पंपानं नदी बिघडतीय व्हय!

सूक्ष्मदर्शी
घातवार, गोल फिरणं हा मज्जासंस्थेचा झटका. ऑरगॅनोफॉस्फेट असेल तर स्नायू आणि नसा यांच्यातला निरोप थांबवायचं रसायनच अडतं, निरोप चालूच राहतो. मेली ती सुटली. खाली वाहत जाऊन पातळ झालेल्या पाण्यात जी जगली, तिथं क्लोरपायरिफॉस, सायपरमेथ्रिन अशांनी माशांच्या रक्तात सूक्ष्मकेंद्रकं वाढतात, असं टाक्यांतल्या प्रयोगांत वारंवार दिसलंय.

आता वाकडा मासा. पाणवठा, तुमच्या पोराला सांगा, अंदाज चांगला, पण एका माशावरून म्युटेशन सिद्ध होत नाही. पाठ वाकायला कारणं ढीगभर. पिल्लू असताना क जीवनसत्त्व कमी पडलं तर वाकते. थोड्याच जनकांची पैदास पुन्हा पुन्हा आपसात झाली तर वाकते. परजीवी शिरले, पिल्लाला कुणी चावलं, कीटकनाशकाच्या झटक्यात स्नायूंनी मणका ओढून मोडला, तरी वाकते. यातल्या बऱ्याच गोष्टींत डीएनए ठणठणीत असतो. उलट ज्याच्या रक्तात सूक्ष्मकेंद्रकं भरलीत तो मासा दिसायला सरळ आणि चकचकीत असू शकतो. तुम्ही वाकडा टाकला आणि सरळ ठेवला, तो उलटाही असेल.

पाणवठा
म्हणजे मांजरानं सरळ खाल्ले आणि वाकडाही. मांजर सुखरूप आहे, कालच बघितलं.

उलटी_गंगा
मला एक शंका आहे. डीएनए बदलणं वाईटच कशाला? बदलतील, टिकतील. मासे जुळवून घेतील. निसर्ग आहे.

सूक्ष्मदर्शी
घेतात, कधी कधी. अमेरिकेत हडसन नदीत 1947 ते 1977 पीसीबी नावाची विषारी औद्योगिक रसायनं सोडली गेली. तिथल्या टॉमकॉड माशावर 2011 मध्ये काम छापून आलं. त्या माशांच्या एका ग्राहक प्रथिनाच्या जनुकातली सहा अक्षरं, म्हणजे दोन अमिनो आम्लं, गळालेली सापडली. त्यामुळं पीसीबी त्या प्रथिनाला नीट चिकटत नाही आणि मासा तगतो. पण त्यासाठी आधी बाकीचे मरावे लागले. शिवाय तगलेला मासा अंगात पीसीबी घेऊन फिरतो आणि त्याला खाणारा तगलेला नसतो. आपल्या नदीत वामवालांच्या दहा जातींपैकी किती राहिल्या ते वर लिहिलंच आहे. चिलापी मुळात आफ्रिकेतली, घाणीत आणि कमी ऑक्सिजनमध्ये रेटणारी. जी उरली ती जुळवून घेतलेली नाही, आधीपासूनच चिवट होती.

रंकाळा_चौपाटी
गणपतीच्या रंगाचं कुणीच बोललं नाही. शिसं, क्रोमियम त्यात पण असायचं ना? आता इराणी खणीत विसर्जन आणि मूर्तिदान होतं म्हणून बरं. पण खणीतल्या माशांचं काय?

पेठेतला_गडी
खणीतले मासे पुण्यवान. दरवर्षी दर्शन.

चिटबॉय
मॅडम, एक विचारतो, भांडायला नाही. ही मासे कापायची, रक्त काढायची तपासणी आपण करू शकतो का? आमच्या कारखान्याची लॅब आहे, पण तिथं ब्रिक्स आणि पोल (रसातल्या साखरेची मापं) सोडून काही होत नाही. नदीच्या कामाला एकदा एका कार्यालयात अर्ज दिला होता, नमुना घ्या म्हणून. माणूस आला तेव्हा चार दिवस झाले होते, पाणी स्वच्छ वाहत होतं. पंचनाम्यात लिहिलं, 'वास येत नाही.'

सूक्ष्मदर्शी
माशावर प्रयोग करायला संस्थेची नैतिक समिती लागते, परवानगी लागते, ते घरचं काम नाही. पण कांद्यावर करता येतं.

तांबडा_पांढरा
कांद्यावर?? आता मात्र मी जागा झालो.

सूक्ष्मदर्शी
थट्टा नाही. कांद्याच्या मुळाची चाचणी 1938 पासून चालत आलीय. कांद्याला फक्त सोळा गुणसूत्रं, तीही दांडगी, साध्या सूक्ष्मदर्शकात दिसतात. कांद्याचं बूड खरवडून जुनी मुळं काढायची, बूड पाण्याला टेकेल असा ग्लासवर बसवायचा. दोन-तीन दिवसांत नवी मुळं येतात. एका ग्लासात नदीचं पाणी, एकात स्वच्छ. आधी नुसती लांबी मोजा. घाण पाण्यात मुळं आखूड, पिवळट, कधी टोकाला वाकतात. मग टोकं कापून अल्कोहोल आणि ॲसिटिक आम्लात ठेवायची, ॲसिटोकार्मिननं रंगवायची आणि काचेखाली अंगठ्यानं दाबायची. तेच सूक्ष्मकेंद्रक, तीच मोडकी गुणसूत्रं. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीनं हे केलं तेव्हा दोन गुणसूत्रांमधला पूल दिसला आणि ती अर्धा तास कुणाला भिंगाजवळ येऊ देईना.

हा कांदा आहे, मासा नाही. माशाला काय झालंय ते तो सांगत नाही. पाण्यात तोडणारं काही आहे का, एवढंच सांगतो. आणि एकाच बाटलीवर निष्कर्ष नको. तीन जागा, तीन वेळा.

घातवार
कांदे माझे. पोतं देतो. औषध न मारलेले.

वामवाला
तेरवाड बंधाऱ्याचं पाणी मी भरून आणतो. रात्री वास आला की रात्रीच भरतो, चार दिवस थांबत नाही.

चिटबॉय
प्रयाग चिखलीला माझा मेहुणा असतो. पाच नद्या एकत्र होतात तिथनं, शहराच्या वरचं पाणी आणतो. आणि आमच्या कारखान्याच्या खालचंही मीच आणीन. दुसऱ्यानं आणलं तर म्हणाल बाटली बदलली.

पाणवठा
स्वच्छ पाणी म्हणून काय वापरायचं? 2023 च्या दिवाळीत थेट पाइपलाइन आली, तेव्हापासून आमच्या नळाला काळम्मावाडीचं येतंय. ते चालेल?

सूक्ष्मदर्शी
चालेल, पण क्लोरीन असतं. पसरट भांड्यात रात्रभर उघडं ठेवा, मग वापरा. मोड आलेला कांदा घेऊ नका. बाटल्यांवर जागा आणि वेळ तिथंच लिहा, घरी येऊन आठवून नको. मुळाची टोकं माझ्याकडं आणून द्या, रविवारी लॅब उघडते.

पाणवठा
पोरगं ग्लास मांडून बसलंय. बायको विचारतीय, ह्या कांद्यांची नंतर भजी करायची का.

सूक्ष्मदर्शी
नाही!

पेठेतला_गडी
मांजराला विचारा.